रुग्णवाहिकेतला तिसरा माणूस

कोवलम म्हटले की मराठी पर्यटकाच्या डोळ्यांपुढे केरळचा किनारा उभा राहतो. पण त्याच नावाचे दुसरे एक गाव चेन्नईच्या दक्षिणेला, शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. मूळची ही कोळ्यांची वस्ती. चेन्नईहून महाबलिपुरमला आणि पुढे पुदुच्चेरीला जाणारा ईस्ट कोस्ट रोड गावाला लागूनच जातो. गुळगुळीत, सरळ आणि एका अंगाला समुद्र असलेला असा रस्ता मिळाला की शनिवार-रविवारी तरुणांच्या मोटारसायकली सुसाट सुटणारच! गावच्या किनाऱ्याला २०२१ मध्ये 'ब्लू फ्लॅग' हा आंतरराष्ट्रीय मान मिळाला. तेथे आलेल्या गर्दीत धड पोहता न येणारेही पुष्कळ असतात. म्हणजे संकट रस्त्यावरही आणि पाण्यातही.

असे काही घडले की कोणीतरी १०८ क्रमांक फिरवतो. तमिळनाडूत ही मोफत सेवा १५ सप्टेंबर २००८ रोजी सुरू झाली. गाडी येते, दार उघडते आणि दोघे जण खाली उतरतात. एक चालक, त्याला या सेवेत 'पायलट' म्हणतात. दुसरा किंवा दुसरी, पाठीवर पिशवी घेऊन थेट जखमीकडे धावते. लोक तिला 'डॉक्टर, डॉक्टर' म्हणून हाका मारतात, पण ती डॉक्टर नसते. ती असते 'इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन', थोडक्यात ईएमटी. रुग्णवाहिकेत रुग्ण असतो, चालक असतो आणि हा तिसरा माणूस असतो. रुग्ण दवाखान्यात जिवंत पोहोचेल की नाही, हे पुष्कळदा या तिसऱ्या माणसाच्या हातात असते.

पहिली दहा मिनिटे

जखमीला उचला, गाडीत टाका आणि पळवा, ही आपली जुनी रीत. भावना चांगली, पण परिणाम कधीकधी भयंकर. मानेचे हाड दुखावलेल्या माणसाला दोघांनी खांद्याला आणि पायाला धरून उचलले, तर मज्जारज्जूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून ईएमटीला सर्वप्रथम शिकवतात ते घाई न करणे. आधी जागा सुरक्षित आहे का ते पाहायचे, कारण रस्त्यावर दुसरी गाडी येऊन आदळली तर मदत करणाराच रुग्ण होतो. मग श्वासाचा मार्ग मोकळा आहे का, श्वास चालू आहे का, रक्त कोठून वाहते आहे, हे पाहायचे. जोराचा रक्तस्राव दाब देऊन थांबवायचा, मान स्थिर करायची, मोडलेल्या हाडाला आधार बांधायचा, प्राणवायू लावायचा. वाटेत नियंत्रण कक्षातील डॉक्टरांशी फोनवर बोलून त्यांच्या सूचना घ्यायच्या आणि रुग्णालयाला आगाऊ कळवायचे. डुलणाऱ्या गाडीत, एका हाताने दांडी धरून, दुसऱ्या हाताने रक्तदाब मोजायचा. हे सगळे कागदावर सोपे वाटते!

कोवलमसारख्या गावी आणखी एक धडा महत्त्वाचा, तो बुडालेल्याचा. त्याला उलटे टांगून किंवा पोट दाबून पाणी काढण्याची पद्धत आपल्या कोकणातही आहे. ती चुकीची आहे. त्यात मोलाचा वेळ जातो आणि पोटातले अन्न-पाणी वर येऊन श्वासनलिकेत शिरू शकते. बुडालेल्याला सर्वांत आधी हवी असते ती हवा. म्हणून श्वास बंद असेल तर तोंडाने श्वास द्यायचे आणि प्रतिसाद नसल्यास लगेच छातीवर दाब सुरू करायचे. तीस दाब, मग दोन श्वास. दाबांचा वेग मिनिटाला १०० ते १२० आणि प्रौढ माणसाची छाती किमान पाच सेंटिमीटर खाली गेली पाहिजे. दोन मिनिटांत धडधाकट तरुणही घामाघूम होतो.

हा सराव ज्या रबरी बाहुलीवर करतात, तिची कथा मोठी विलक्षण आहे. नॉर्वेतील खेळणी बनवणारे आसमुंड लेर्डाल यांनी ती १९६० मध्ये तयार केली. तिचा चेहरा त्यांनी एका जुन्या मुखवट्यावरून घेतला. हा मुखवटा पॅरिसच्या सीन नदीत बुडून मेलेल्या एका अनोळखी मुलीचा, अशी आख्यायिका आहे. खरेखोटे कोणी सांगावे! पण जगभरच्या लाखो विद्यार्थ्यांनी तोंडाने श्वास देणे शिकले ते याच चेहऱ्यावर.

अडाणी ठरवलेल्यांनी घडवलेला इतिहास

हे काम डॉक्टर नसलेल्या माणसाला शिकवता येईल का, हा प्रश्न एके काळी अमेरिकेतही विचारला जात होता. १९६६ मध्ये तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीने एक अहवाल काढला, तेव्हा देशातील जवळजवळ निम्म्या रुग्णवाहिका अंत्यसंस्कार करणाऱ्या दुकानदारांच्या होत्या. आडवा माणूस मावेल अशी लांब गाडी त्यांच्याकडेच असे, एवढेच कारण. म्हणजे जिवंत नेले तरी तीच गाडी आणि मेल्यावरही तीच.

पुढच्याच वर्षी पिट्सबर्ग शहरात 'फ्रीडम हाउस' नावाची रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. तिच्यामागे होते डॉ. पीटर साफर. तोंडाने श्वास देण्याची पद्धत रूढ करणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. १९६६ मध्येच त्यांची लहान मुलगी दम्याच्या झटक्याने दगावली होती. प्रशिक्षणासाठी घेतली ती गरीब काळ्या वस्तीतील बेकार माणसे. काहींचे शालेय शिक्षणही पुरे झाले नव्हते. 'यांना काय जमणार' असे म्हणणारे पुष्कळ होते. सुमारे तीनशे तासांच्या शिक्षणानंतर हीच माणसे देशातील सर्वोत्तम रुग्णसेवकांत गणली जाऊ लागली. पुढे त्यांच्या वैद्यकीय संचालक झालेल्या डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी लिहिलेले पाठ्यपुस्तक देशभर वापरले गेले. मात्र १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाउस बंद पाडले. ज्यांनी रस्ता काढला, त्यांच्यातील अनेकांना नव्या सेवेत मानाची जागा मिळाली नाही.

ही कथा येथे सांगण्याचे कारण आहे. महाराष्ट्रात १०८ सेवा २६ जानेवारी २०१४ रोजी ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली, तेव्हा गाडीत डॉक्टर असेल असे ठरवण्यात आले. त्यात आयुर्वेदाचे पदवीधर मोठ्या संख्येने होते. तमिळनाडूने मात्र पाठीमागची जागा ईएमटीला दिली. डॉक्टर असला की घरच्यांना धीर येतो, हे खरे. पण रस्त्यावरचे काम ही वेगळीच विद्या आहे आणि ती ज्याने मन लावून शिकली, त्याला पदवीवरून कमी लेखणे योग्य नाही. पुण्याच्या सिम्बायोसिस संस्थेने तर डॉक्टरांसाठीच आपत्कालीन सेवेची पदव्युत्तर पदविका काढली. डॉक्टरांनाही हे वेगळे शिकावे लागते, ते यावरून दिसते.

शिक्षण कोठे, कसे?

तमिळनाडूच्या १०८ सेवेत नर्सिंगचे शिक्षण घेतलेले, प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचे पदविकाधारक किंवा जीवशास्त्राचे पदवीधर अर्ज करू शकतात. निवड झालेल्यांना साधारण पन्नास दिवस वर्ग, रुग्णालय आणि प्रत्यक्ष रुग्णवाहिका असे तीन टप्प्यांत शिकवले जाते. अधिक खोल जायचे असेल तर पदवीचा मार्ग आहे. चेन्नईच्या डॉ. एम. जी. आर. वैद्यकीय विद्यापीठाचा अपघात व आपत्कालीन सेवा तंत्रज्ञानातील बी.एस्सी. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, त्यावर एक वर्षाची उमेदवारी. बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र हवे. मुंबईतही ईएमटीचे वर्ग चालवणाऱ्या संस्था आहेत. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला संलग्न आरोग्यसेवांच्या यादीत अधिकृत स्थान दिले. इतकी वर्षे या माणसांना नेमके काय म्हणायचे हेच ठरलेले नव्हते!

आईवडिलांचा प्रश्न वेगळा असतो. रात्रपाळी, रक्त, भांडणारे नातेवाईक, हे आपल्या मुलीला झेपेल का? मुली हे काम करतात आणि चांगले करतात. १०८ वर येणारे फोन अपघाताचेच असतात असे नाही. बाळंतपणाचेही फार असतात. बाळ कधीकधी रुग्णालयापर्यंत थांबत नाही आणि गाडी रस्त्याच्या कडेला उभी करून प्रसूती करावी लागते. त्या वेळी मुलगी समोर असली की बाईला हायसे वाटते. झेपत नाही ते दुसरेच. बारा-बारा तासांच्या पाळ्या आणि कामाच्या मानाने तुटपुंजा पगार याबद्दल कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी वेळोवेळी आवाज उठवला आहे. ही तक्रार खोटी नाही. प्रवेश घेण्याआधी ती ऐकून घेतलेली बरी.

तसेच जाहिरातीला भुलू नये. 'सहा आठवड्यांत प्रमाणपत्र, नोकरीची हमी' असे फलक गल्लोगल्ली दिसतात. संस्था कोणत्या विद्यापीठाशी किंवा परिषदेशी जोडलेली आहे, अपघात विभागात किती तास काम मिळेल, रुग्णवाहिकेवर किती पाळ्या कराव्या लागतील, हे तीन प्रश्न विचारावेत. तिसऱ्याचे उत्तर गुळमुळीत आले, तर पैसे भरू नयेत.

आणि तुम्ही स्वतः सहकुटुंब महाबलिपुरमला निघाला असाल, तर हेही ठाऊक असू द्या. कोवलम ज्या चेंगलपट्टू जिल्ह्यात येते, त्याच जिल्ह्यातील मेलमरुवत्तूर येथे १८ डिसेंबर २०२१ रोजी तमिळनाडू सरकारने एक योजना सुरू केली. राज्यात रस्ता अपघातात जखमी झालेल्याला, तो परप्रांतीय असला तरी, योजनेतील रुग्णालयांत पहिले ४८ तास ठरावीक मर्यादेपर्यंत मोफत उपचार मिळावेत, अशी ती योजना आहे. जखमीला मदत करणाऱ्यावर पोलिसांनी नाव सांगण्याची सक्ती करू नये, असे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायदाच सांगतो. १०८ ला फोन लावल्यावर आधी ठिकाण सांगा, जवळची ठळक खूण सांगा, किती जण जखमी आहेत ते सांगा आणि पलीकडून 'ठेवा' म्हणेपर्यंत फोन ठेवू नका.