बिनतारी सुकाणू

आकाशांत सोडलेल्या चिमुकल्या विमानाला जमिनीवरून हुकूम पोंचतो तो कसा? अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत, कॅलमाझू शहरीं, वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या बंधूंनीं १९३७ सालीं हा प्रयोग साधला. त्यांच्या ‘गफ’ विमानाच्या पंखांचा विस्तार ८ फूट. तें आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहांत आहे.

त्या काळच्या साध्या यंत्रांत बिनतारी लाटेला दोनच शब्द ठाऊक असत: आहे आणि नाहीं. खूण मिळतांच पीळ दिलेल्या रबराची कळ सुटे व सुकाणू एका बाजूस वळे. खूण थांबली कीं तें मध्यावर येई. पुढच्या खुणेला दुसऱ्या बाजूस. मागचें वळण कोणतें, हें चालकानेंच ध्यानांत ठेवावयाचें! त्यांतून विमान समोरून येऊं लागलें कीं त्याची उजवी बाजू ती चालकाची डावी.

तोल मात्र विमानानें स्वतःच सांभाळावयाचा. म्हणून नवें विमान आधीं इंजिन बंद ठेवून, उंच गवतावर हातानें सोडून पाहात. इंजिनाचा वेगहि बहुधा खालून बदलतां येत नसे. इंधन संपलें कीं विमान तरंगत उतरूं लागे. कित्येक महिन्यांची मेहनत मैदानांत टेकावयाची कीं झाडांत, एवढेंच काय तें त्या सुकाणूच्या हातीं.