दुधावरची साय सांभाळताना

दिवाळी आटोपली की बीड, जालना आणि आपल्या जिल्ह्यातल्या पैठण-कन्नड भागातल्या वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसे आणि लहान मुले तेवढी उरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता कारखान्याच्या वाटेला लागतो. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी जिल्हा परिषदेच्या शाळांत हंगामी वसतिगृहे निघाली, पण अंगणवाडीच्या वयाचे पोर आजीच्याच पदरात राहते.

गेल्या हिवाळ्यात अशीच एक आजी तीन वर्षांच्या नातवाला कडेवर घेऊन सकाळीच दवाखान्यात आली. "डाक्टर, पोरगं उठंना झालंय बघा. रातच्याला चांगलं खेळत व्हतं." पोराचे अंग घामाने ओलेचिंब, डोळे अर्धवट मिटलेले. ताप नाही, जुलाब नाहीत. मी विचारले, "आजी, घरात साखरेचा आजार कोणाला आहे?" "मलाच हाय की!"

बोटातल्या रक्ताची साखर तपासली तर ३८ निघाली. आजीच्या गोळ्या कापलेल्या पाकिटातून काढून खाऊच्या डब्याशेजारी ठेवलेल्या होत्या. पोराने गोळी समजून दोन खाल्ल्या होत्या. शिरेतून ग्लुकोज देताच दहा मिनिटांत ते रडू लागले. पण या गोळ्यांचा अंमल दिवसभर टिकतो, साखर पुन्हा घसरते. म्हणून १०८ ला फोन करून त्याला घाटीत पाठवले. दोन दिवसांनी खेळत घरी आले.

वाचकहो, मोठ्या माणसाची मधुमेहाची किंवा रक्तदाबाची एकच गोळी लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. औषधे उंचावर, कुलपात ठेवा, आणि मुलासमोर 'ही गोळी गोड आहे' असे कधीही म्हणू नका. मूल गुंगीत असेल तर तोंडात पाणी, दूध काही ओतू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जाते. शुद्धीवर असेल तर साखर द्या आणि दवाखाना गाठा. उरलेले पाकीट सोबत आणा.

आता त्या गोळ्या शिल्लक कशा राहिल्या, हा खरा प्रश्न होता. आजी म्हणाली, "गोळी घेतली की मला चक्कर येती. मी पडले तर पोराला कोण बघंल?" नातवाला भरवून, शेळीला चारा टाकून तिला जेवायला दुपार होत होती आणि गोळी मात्र पहाटेच्या चहाबरोबर. चक्कर येणारच! तिने महिनाभर औषध बंदच केले होते, पायाच्या अंगठ्याला जखम झाली तीही कळली नव्हती. नातवाच्या निमित्ताने आजी तपासली गेली, हे बरे झाले. गोळीची वेळ जेवणाला बांधून दिली.

आजोबांचा खोकला हाही असाच झाकलेला आजार. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, फुकट होते. नातू त्यांच्याच गोधडीत झोपत असतो. आजोबांना क्षय निघालाच तर पाच वर्षांखालचे मूल ठणठणीत दिसले तरी त्याची तपासणी करावी लागते आणि आजार नसल्यास तो होऊ नये म्हणून औषध द्यावे लागते. मिश्रीची डबीही पोराच्या हाती लागू देऊ नका.

सिडको, वाळूजकडच्या आजींची गोष्ट वेगळी, पण गुडघे तेच. मुलगा-सून कंपनीत आणि दहा किलोचे बाळ दिवसभर कमरेवर! बाळाला जमिनीवर बसून घ्या, उभ्याने वाकून उचलू नका. आणि सूनबाई, रविवारी बाळ तुम्ही सांभाळा, सासूबाईंना झोपू द्या.

लसीकरणाचे कार्ड मात्र आईबापांनी कारखान्यावर नेऊ नये. त्या नातवाचे कार्ड असेच ट्रंकेतून गेले होते. पट्टा पडल्यावर आई परत आली, तेव्हा एक लस चुकलेली दिसली. ती देऊन घेतली. आजी शेजारीच उभी होती. अंगठ्याची जखम भरली होती आणि गोळ्यांची किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात होती.