शाळेला जाताना स्वेटर किती? एक जाड की दोन पातळ?

६ डिसेंबरला दादरला निघायची तयारी सुरू झाली की आपल्या घरांतल्या पेट्या उघडतात आणि गेल्या वर्षीचे स्वेटर बाहेर येतात. रात्रीच्या गाडीत पोरे गारठू नयेत म्हणून कानटोप्या शोधल्या जातात. चैत्यभूमीहून परत आलो की तेच स्वेटर दप्तराशेजारी खुंटीला लागतात, ते फेब्रुवारीपर्यंत. मग रोज सकाळी घराघरांत तोच वाद. आई म्हणते घाल, पोरगा म्हणतो नको. आजी म्हणते, अजून एक घाल वरून. या वादात खरे कोणाचे, याचा विचार या वेळी आम्ही करणार आहोत.

आधी सोलापूरची थंडी समजून घेऊ. ती नाशिकसारखी नाही. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान साधारण पंधरा-सोळा अंश असते. गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास एखादा आठवडा कडक निघाला तर दहा-बारापर्यंत उतरते. पण त्याच दिवशी दुपारी पारा तीसच्या आसपास असतो. म्हणजे सकाळी सातला घराबाहेर पडलेले मूल आणि दुपारी साडेबाराला घरी येणारे मूल जणू दोन वेगळ्या गावांत असते. पत्र्याच्या वर्गात तर अकरालाच घाम फुटतो. २०२४ साली सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊला किंवा त्यानंतर भरवावेत असे सांगितले, त्यामुळे लहानग्यांची पहाट थोडी सुटली. पाचवीच्या पुढची कितीतरी मुले मात्र अजून सातच्या शाळेलाच जातात.

बाटलीतले खोबरेल गोठले की आपण म्हणतो, थंडी आली, आता पोरांना जाड काहीतरी घाला. पण खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली आले की गोठू लागते. ते गोठले म्हणजे पोरगे गारठले असा अर्थ होत नाही.

एकच जाडजूड स्वेटर घालून पाठवले की सकाळचे दोन तास बरे जातात आणि पुढचे तीन तास वाईट. मूल पळते, घामेजते, आतला बनियन ओला होतो. स्वेटर काढला तर ओल्या अंगाला वारा लागून गार वाटते, नाही काढला तर अंगाला खाज आणि घामोळे. बाजारात स्वस्त मिळणारे बहुतेक स्वेटर अॅक्रिलिकचे असतात. ते ऊब धरतात पण घाम शोषत नाहीत. म्हणून थेट अंगावर अॅक्रिलिक नको, आत सुती बनियन हवाच.

आपल्या आया-आज्यांना याचे उत्तर माहीत होते. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून टाके घातले की वाकळ तयार होते. त्यातले एकेक लुगडे विरलेले, पातळ. तरी वाकळ उबदार असते, कारण ऊब नुसत्या कापडात नसते. दोन थरांच्या मध्ये अडकून राहिलेली हवा अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. दोन पातळ कपडे एका जाड कपड्याइतकी, कधी त्याहून जास्त ऊब देतात ते यामुळेच. शिवाय त्यातला एक काढता येतो. जाड स्वेटर अर्धा काढता येत नाही.

विनयपिटकाच्या महावग्गात चीवराविषयीचा जो भाग आहे, त्यात हीच गोष्ट येते. ऐन हिवाळ्याच्या, हिम पडण्याच्या रात्री तथागत वैशालीच्या गोतमक चैत्यापाशी एक चीवर घेऊन उघड्यावर बसले. पहिला प्रहर संपताना थंडी वाजली, तेव्हा दुसरे पांघरले. मधला प्रहर सरताना तिसरे, पहाटे चौथे. अशी स्वतःच्या अंगावर परीक्षा करून, ज्याला थंडी सोसत नाही त्यालाही पुरेल असा हिशेब त्यांनी बांधला आणि भिक्खूंना तीन चीवरांची परवानगी दिली: अंतरवासक, उत्तरासंग आणि दुहेरी संघाटी. थंडी वाढेल तसा एकेक थर वाढवायचा. शाळेच्या पोराला हाच हिशेब उलट्या बाजूने लावायचा, ऊन वाढेल तसा एकेक थर उतरवायचा.

मग नेमके काय घालावे? नेहमीच्या सकाळी आत सुती बनियन, त्यावर गणवेशाचा शर्ट आणि वर एक स्वेटर, एवढे पुरते. अंगावर काटा आणणारी सकाळ असेल तर शर्ट आणि स्वेटर यांच्यामध्ये बिनबाह्यांचा पातळ स्वेटर घालावा. तो नसेल तर शर्टाच्या आत जुना टी-शर्ट चालतो, बाहेरून दिसतही नाही. वरचा स्वेटर शक्यतो चेनचा किंवा बटनाचा घ्यावा. डोक्यातून काढायचा स्वेटर लहान मूल वर्गात एकटे काढू शकत नाही आणि बाईंना सांगायला लाजते. हाफ पँट किंवा स्कर्टचा गणवेश असेल तर गुडघ्यापर्यंतचे पायमोजे, मुलींना आत लेगिंग. दप्तरात एक कापडी पिशवी द्यावी, काढलेला स्वेटर त्यात जातो आणि हरवत नाही. स्वेटर हरवला तर घरी मार बसेल या भीतीने तो दिवसभर न काढणारी मुले आम्ही पाहिली आहेत.

मूल गार आहे की गरम, हे त्याच्या हाताला किंवा नाकाला हात लावून ठरवू नये. हात, नाक थंडीत गार असतातच. कॉलरच्या मागे मानेवर दोन बोटे ठेवून पाहा. मान उबदार आणि कोरडी असेल तर कपडे बरोबर आहेत. ओलसर लागली तर एक थर जास्त झाला. गार लागली तर एक कमी पडला. निघताना दाराशी हे पाहायला क्षणभरच लागतो, आणि आजीचाही वाद मिटतो.

सगळ्या मुलांना मात्र एकच माप लावू नये. अंगावर मांस नसलेले, वजनाला कमी असलेले मूल भरल्या अंगाच्या मुलापेक्षा लवकर गारठते. त्याला एक थर जास्त द्यावा. आणि त्याहून महत्त्वाचे, त्याला उपाशीपोटी पाठवू नये. अंगाची ऊब अन्नातून तयार होते, स्वेटर ती फक्त राखतो. सकाळच्या घाईत चहा आणि बटर देऊन पाठवण्यापेक्षा अर्धी गरम ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी द्यावी. कडक भाकरी चहात मोडून दिली तरी चालेल.

आता अवघड गोष्ट. एका शाळेच्या फाटकाशी आम्ही पाचवीतला एक मुलगा पाहिला. दुपारचे बारा वाजलेले, कपाळावर घाम, तरी स्वेटर गळ्यापर्यंत ओढलेला. काढ म्हटले तर काढेना. नंतर कळले, आतल्या शर्टाची बाही खांद्यापाशी उसवली होती. दुसऱ्या एका मुलीचे उलटे. तिचा स्वेटर लाल, शाळेचा रंग निळा. प्रार्थनेला लाल स्वेटर चालत नाही म्हणून तिने तो घरीच ठेवला आणि हाताची घडी घालून उभी राहिली. पुढे थंडीच्या दिवसांत तिचा खाडाच होऊ लागला. घरच्यांना वाटले, पोरीला अभ्यास नको.

सरकारी आणि महापालिकेच्या शाळांतल्या आठवीपर्यंतच्या मुलांना दोन गणवेश मिळतात, २०२३ पासून बूट-पायमोजेही देऊ केले गेले. स्वेटर त्यात नाही, तो आपल्यालाच घ्यावा लागतो. म्हणून ज्याच्या घरी जो आहे तो रंग चालवून घ्यावा, असे शाळेला सांगण्यात काहीही कमीपणा नाही. एकट्या आईने सांगितले तर बोळवण होते. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात, त्यांच्यामार्फत किंवा पाच-सहा पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना भेटावे. ४ जानेवारी १९२५ रोजी बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने याच सोलापुरात मुलांसाठी वसतिगृह काढले, तेव्हा राहण्या-जेवणाबरोबर कपड्यांचा खर्चही सभेने उचलला होता. अंगावर धड कपडा नसेल तर मूल शाळेत टिकत नाही, हे तेव्हाच ओळखले होते. आज निदान विहारात एक पेटी ठेवता येईल. पोरांच्या अंगाला दर वर्षी स्वेटर आखूड होतो. महिला मंडळाने असे स्वेटर धुऊन, बटने लावून, मापाप्रमाणे ठेवावेत. ज्याला हवा त्याने न विचारता न्यावा आणि आपला आखूड झालेला टाकावा. कोणी काय नेले याची वही ठेवू नये.

पेटीतला स्वेटर धुतल्याशिवाय आणि दोन दिवस कडक उन्हात टाकल्याशिवाय घालू नये. वर्षभराची धूळ दमेकरी मुलाला लगेच बाधते. डांबर गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, ती गोळी-चॉकलेट समजून तोंडात घालतात.

काही जुन्या समजुतींबद्दल थोडक्यात. कानाला वारा लागून कान फुटत नाही, सर्दीचा संसर्ग नाका-घशातून कानापर्यंत जातो. कानटोपीने ऊब मिळते, बरे वाटते, म्हणून जरूर घालावी. सर्दीही विषाणूने होते. हिवाळ्यात ती वाढते, कारण दारे-खिडक्या लावून सगळे एका खोलीत कोंडून असतात. तेव्हा स्वेटर कितीही चढवले तरी वर्गाची खिडकी उघडी असणे आणि हात साबणाने धुणे त्यांनी टळत नाही. घरात चुलीचा किंवा विडीचा धूर असेल तर मुलाचा खोकला स्वेटरने थांबणार नाही. मुलींना न्हाऊ घालायचे ते शाळेच्या पहाटे नको, रविवारी दुपारी घालावे. ओल्या केसांनी अंग खरोखर गार पडते.

दुचाकीवर पुढे उभ्या केलेल्या मुलाला सगळा वारा छातीवर लागतो. त्याला मागे, दोघांच्या मध्ये बसवावे. मफलरची टोके स्वेटरच्या आत खोचावीत. लोंबती टोके चाकात गेली तर गळ्याला फास बसतो.

आणि शेकोटी. वस्तीत पहाटे कचरा, टायर, प्लास्टिक पेटवून मुले भोवती बसतात. तो धूर छातीला वाईटच, पण त्याहून मोठा धोका स्वेटरचा आहे. अॅक्रिलिक, नायलॉन ठिणगीने वितळते आणि कातडीला चिकटते. असे झालेच तर भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे नळाचे साधे पाणी सोडावे. चिकटलेले कापड ओढू नये, टूथपेस्ट किंवा शाई लावू नये, तसेच दवाखान्यात न्यावे.

शेवटची गोष्ट तापाची. ताप आलेल्या मुलाला आपण सगळे स्वेटर चढवून चादरीत गुंडाळतो. त्याने अंगातली उष्णता कोंडते. पातळ सुती कपडा आणि वर एक चादर पुरे. खोकला असेल तर स्वेटर, बनियन वर करून मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. जाड कपड्यांखाली धाप दिसत नाही आणि न्यूमोनिया इथेच नजरेतून सुटतो. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे मिनिटाला पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा जास्त श्वास भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, तर थांबू नका. पाच वर्षांवरच्या मुलाला बसल्या जागी धाप लागत असेल तरी तेच. दिवसा जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात, रात्री थेट सिव्हिलला न्यावे. रिक्षा मिळत नसेल तर १०८ ला फोन करावा.