मंदीच्या काळातील जनसंपर्क : सत्यम कॉम्प्युटर्सचे उदाहरण

उद्दिष्ट : मंदीत तंत्रज्ञान कंपनीने काय सांगावे, कोणाला सांगावे आणि कोणत्या क्रमाने सांगावे, हे या पाठानंतर तुम्हाला उदाहरणासह मांडता येईल.

१. तंत्रज्ञान कंपनीची मंदी वेगळी का?

आमच्या भिलाईत मंदी म्हटली की पोलाद कारखाना आठवतो. मागणी घटली तर प्लेट्स आवारात पडून राहतात आणि बाजार सुधारला की विकल्या जातात. सॉफ्टवेअर सेवा देणारी कंपनी मात्र माणसांच्या कामाचे तास विकते. आज न विकलेला तास उद्या विकता येत नाही. ज्याच्याकडे प्रकल्प नाही तो कर्मचारी ‘बेंच’वर बसतो. त्याचा पगार चालू असतो, पण त्याच्या कामातून उत्पन्न येत नाही.

अशा वेळी अफवा पसरली की चांगले कर्मचारी सोडून जातात. काम अडेल या भीतीने ग्राहक दुसरी कंपनी शोधतो, आणि आणखी माणसे बेंचवर येतात. हे चक्र थांबवणे हे मंदीतील जनसंपर्काचे मुख्य काम आहे. जाहिरात आणि सत्कार समारंभ त्यापुढे गौण ठरतात.

२. सत्यम : २००८-०९

सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली आणि भारतीय आयटी कंपन्यांच्या मोठ्या ग्राहकांनी खर्च आवरायला सुरुवात केली. त्याच महिन्यात हैदराबादच्या सत्यमला कंपनी सुशासनाचा ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कार मिळाला. १६ डिसेंबरला सत्यमने संस्थापकांच्या कुटुंबाशी संबंधित दोन ‘मायटास’ कंपन्या विकत घेण्याचे जाहीर केले. गुंतवणूकदार खवळले आणि काही तासांतच निर्णय मागे घ्यावा लागला.

७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून घोटाळ्याची कबुली दिली. त्या पत्रानुसार सप्टेंबर तिमाहीचा जाहीर केलेला परिचालन नफा ६४९ कोटी रुपये होता, खरा फक्त ६१ कोटी. ताळेबंदातील ५,०४० कोटींची रोकड आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नव्हती. पुरस्कारही पुढे काढून घेण्यात आला.

यानंतर सरकारने जुने संचालक मंडळ बरखास्त केले. किरण कर्णिक, दीपक पारेख आणि सी. अच्युतन यांची नेमणूक झाली व काही दिवसांत आणखी तीन सदस्य आले. या मंडळाने आकर्षक घोषणा केल्या नाहीत. पगार कसे होणार, पैसा कुठून येणार, हिशेब कोण तपासणार, ग्राहकांचे काम चालू राहील का, या प्रश्नांना उत्तरे देण्यावर भर दिला. कर्णिक नॅसकॉमचे अध्यक्ष राहिलेले आणि पारेख एचडीएफसीचे, त्यामुळे ही माणसे समोर असणे हाच एक संदेश होता.

एप्रिल २००९ मध्ये पुण्यात मुख्यालय असलेल्या टेक महिंद्राची बोली निवडली गेली. भाव होता शेअरमागे ५८ रुपये. जूनमध्ये ‘महिंद्रा सत्यम’ हे नवे नाव आले. मंदी मात्र संपलेली नव्हती. जास्त ठरलेल्या हजारो कर्मचाऱ्यांना ‘व्हर्च्युअल पूल’मध्ये ठेवण्यात आले : सहा महिन्यांपर्यंत कमी केलेला पगार, आणि काम आले तर परत बोलावणे.

हा निर्णय दोन बाजूंनी तपासा. मुदत आणि मिळणारी रक्कम स्पष्ट होती, ही जमेची बाजू. पण ‘व्हर्च्युअल पूल’ हे नाव गुळगुळीत आहे. घरी बसवलेल्या माणसाला आपण घरी बसलो आहोत हे ठाऊक असते. असा शब्द वापरला की बाकीच्या मजकुरावरचाही विश्वास कमी होतो.

३. लक्षात ठेवायचे मुद्दे

(अ) क्रम : कर्मचाऱ्याला आपली बातमी वर्तमानपत्रातून कळू नये. भाव हलवणारी माहिती नोंदणीकृत कंपनीला शेअर बाजाराला कळवावीच लागते, म्हणून कर्मचाऱ्यांसाठीचे पत्र आधीच तयार ठेवावे आणि त्याच वेळी पाठवावे.

(आ) आकडा : किती लोक, कोणत्या तारखेपर्यंत, किती रक्कम, हे सांगावे. ‘काही प्रमाणात फेररचना’ या शब्दांतून प्रत्येक जण आपलीच नोकरी गेली असे समजतो.

(इ) आश्वासन : पुढच्या तिमाहीत पाळता येईल तेवढेच द्यावे. ‘एकालाही काढणार नाही’ हे वाक्य तीन महिन्यांनी खोटे ठरले, तर त्यानंतरची खरी वाक्येही कोणी मानत नाही.

(ई) आधार : जनसंपर्क ताळेबंदाची जागा घेऊ शकत नाही. पुरस्काराने सत्यमला वाचवले नाही. तपासता येणाऱ्या माहितीने आणि वेळेवर झालेल्या पगाराने तिला उभे राहायला वेळ मिळाला.

हे मुद्दे तुमच्याही कामाचे आहेत. निवड झाली आणि रुजू होण्याची तारीख पुढे ढकलल्याचे पत्र आले, तर त्यात नवी तारीख आहे का, कारण दिले आहे का, चौकशीसाठी माणूस नेमला आहे का, हे पाहा. तिन्ही नसतील तर दुसऱ्या नोकरीचा शोध चालू ठेवा.

स्वाध्याय

१. मंदीत पोलाद कारखाना आणि सॉफ्टवेअर कंपनी यांच्या जनसंपर्कात कोणता फरक पडेल?
२. ‘व्हर्च्युअल पूल’चा निर्णय कर्मचाऱ्यांना कळवणारे दीडशे शब्दांचे पत्र सरळ भाषेत लिहा.
३. तुमच्या कंपनीने एक मोठा ग्राहक गमावला आहे. कर्मचारी, उरलेले ग्राहक आणि भागधारक यांना तुम्ही काय व कोणत्या क्रमाने सांगाल? कारणे द्या.