घरगुती गॅसभट्टी : अस्तराची आणि बर्नरची निवड

पोलाद हातोड्याखाली मनासारखे वळते ते साधारण ९०० ते १२०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान. लोहाराच्या परंपरागत भट्टीत ही उष्णता कोळसा आणि भाता मिळून देतात. एलपीजीवर चालणाऱ्या छोट्या भट्टीत बर्नर आतल्या भिंती तापवतो आणि लाल झालेल्या भिंती लोखंडाला सगळीकडून ऊब देतात. चाकू, विळे, छिन्न्या घडवणाऱ्या हौशी कारागिराला ही भट्टी सोयीची पडते. ती बांधताना दोन निवडी निर्णायक ठरतात : अस्तराची आणि बर्नरची. त्यांतही अस्तर आधी ठरवावे, कारण भिंतींतून निसटणारी उष्णता मोठा बर्नर लावून भरून काढणे म्हणजे गॅस वाया घालवणे होय.

अस्तर

उष्णता सोसणे आणि उष्णता अडवणे हे दोन वेगळे गुण आहेत. बाजारात ‘आयएस-८’ म्हणून मिळणारी जड फायरब्रिक पहिल्या गुणात पक्की असते. ज्वाळा आणि लोखंडाची ठोकर ती सहज सोसते. पण ती दाट असल्याने स्वतः तापायलाच पुष्कळ गॅस घेते आणि उष्णता बाहेरही जाऊ देते. सच्छिद्र इन्सुलेशन वीट हलकी असते, साध्या करवतीने कापता येते आणि उष्णता उत्तम अडवते. तिच्यात १२६० अंशांचा आणि सुमारे १४३० अंशांचा असे दर्जे मिळतात. मात्र वारंवार तापून थंड झाल्यावर ती तडकते आणि धक्क्याने तिचे कोपरे उडतात.

छोट्या भट्टीला सर्वांत उपयुक्त ठरते ते सिरॅमिक फायबर ब्लँकेट. ॲल्युमिना आणि सिलिका यांच्या तंतूंची ही गादी २५ मिमी जाडीत मिळते. १२८ किलो प्रतिघनमीटर घनतेच्या ब्लँकेटचे दोन थर दिले की काही मिनिटांतच भट्टी कामाच्या तापमानाला येते. पण हे ब्लँकेट उघडे ठेवू नये. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासातून फुप्फुसात जातात, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते ‘माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या’ गटात धरले आहेत. दीर्घकाळ तापल्यावर त्यात स्फटिकरूप सिलिकाही तयार होते. म्हणून ब्लँकेटवर आधी कलिल सिलिकाचा फवारा मारून ते कडक करावे आणि वर उच्च ॲल्युमिना कास्टेबलचा (पाण्यात कालवून लावायच्या उष्णता सोसणाऱ्या मिश्रणाचा) १० ते १२ मिमी लेप द्यावा. ब्लँकेट कापताना किंवा जुने अस्तर काढताना तंतू रोखणारा मास्क आणि हातमोजे हवेतच.

भट्टीच्या तळाचा विचार वेगळा करावा लागतो. दोन तुकडे तापवून ठोकून सांधताना टाकणखार वापरतात. वितळलेला टाकणखार सिरॅमिक फायबर झपाट्याने खातो आणि साध्या फायरब्रिकलाही पोखरतो. तळाला ९० टक्क्यांच्या आसपास ॲल्युमिना असलेले कास्टेबल किंवा बदलता येईल अशी उच्च ॲल्युमिनाची फरशी असावी.

कास्टेबल कालवताना पाणी सांगितल्या मापानेच घालावे, लेप एक दिवस ओलसर ठेवावा आणि नंतर काही दिवस सुकू द्यावा. पहिली आच अगदी मंद हवी. आत अडकलेल्या पाण्याची एकदम वाफ झाली तर लेप फुटून त्याचे तुकडे उडतात. प्लॅस्टर ऑफ पॅरिस आणि वाळूचे मिश्रण किंवा बांधकामाचे सिमेंट या तापमानाला भुसभुशीत होते. ते अस्तरात घालू नये. बाहेरच्या कवचाला साधा लोखंडी पत्रा घ्यावा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा तापला की विषारी धूर सोडतो.

बर्नर

बर्नर मुख्यतः दोन प्रकारचे. व्हेंच्युरी बर्नरमध्ये बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, वेगाने सुटणारा गॅस स्वतःच हवा ओढून घेतो. त्याला वीज लागत नाही आणि हलणारा भाग नसतो. दुसऱ्या प्रकारात ब्लोअर हवा पुरवतो. त्यात गॅस आणि हवा स्वतंत्रपणे कमीजास्त करता येतात, त्यामुळे मोठ्या भट्टीला आणि सांधकामाला तो उजवा. मात्र वीज गेली की गॅस आपोआप बंद करणारी झडप त्याला हवीच. रिबन बर्नर या दुसऱ्या प्रकाराचाच विस्तार आहे : एका मोठ्या ज्वाळेऐवजी अनेक छोट्या छिद्रांतून समान आच मिळते.

बर्नरचा आकार भट्टीच्या आतल्या घनफळावरून ठरतो. पाऊण इंची व्हेंच्युरी बर्नर सुमारे साडेपाच लिटर पोकळीला पुरतो, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. आतून १५० मिमी व्यास आणि ३०० मिमी लांबी असलेल्या भट्टीचे घनफळ ५.३ लिटर भरते. तिला असा एक बर्नर पुरे. दोन थर ब्लँकेट आणि लेप धरून तिचे कवच सुमारे २७५ मिमी व्यासाचे होते.

परदेशी आराखडे बहुधा शुद्ध प्रोपेनसाठी असतात. भारतातल्या एलपीजीत ब्युटेनही असते. प्रोपेनच्या एका भागाला पूर्ण जळायला सुमारे २४ भाग हवा लागते, तर ब्युटेनला ३१. त्यामुळे तेच जेट इथे हवा कमी पडलेली ज्वाळा देऊ शकते; अशा वेळी बारीक जेट लावावे किंवा हवेचे तोंड वाढवावे. दारातून लांब पिवळी ज्वाळा बाहेर पडली तर हवा कमी आहे आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आहे. हवा जास्त झाली तर लोखंडावर खपली भराभर चढते. ज्वाळा नळीत मागे शिरली तर मिश्रणाचा वेग कमी पडला आहे, असे समजून गॅस तत्काळ बंद करावा.

स्वयंपाकाच्या शेगडीचा रेग्युलेटर या कामाला चालत नाही. त्यासाठी उच्च दाबाचा, कमीजास्त करता येणारा रेग्युलेटर, गेज आणि एलपीजीसाठीची मजबूत नळी लागते. सतत गॅस ओढल्याने सिलिंडर गारठून दाब उतरतो, म्हणून लहान सिलिंडर अपुरा पडतो. घरगुती सिलिंडर स्वयंपाकासाठीच असल्याने १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा, तो उभा आणि भट्टीपासून लांब ठेवावा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळलेला गॅस जमिनीलगत साचतो. बंद खोलीत ही भट्टी कधीही पेटवू नये.

पहिल्यांदाच भट्टी बांधणाऱ्याने दोन थर ब्लँकेट, वर कास्टेबलचा लेप, टाकणखार सोसणारा तळ आणि एक पाऊण इंची व्हेंच्युरी बर्नर एवढ्यावरच सुरुवात करावी. पैसा कमी असेल तर तो आधी अस्तरावर आणि रेग्युलेटरवर खर्च करावा. बर्नर पुढे केव्हाही बदलता येतो.