बोल्टाच्या माथ्यावरील दाखला

१९५६ हे साल पांढुर्ण्यालगतच्या सावरगावच्या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे मानावे लागेल. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचनेचा अंमल सुरू होऊन विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्याकडे गेले आणि छिंदवाडा जिल्हा, सौंसर-पांढुर्ण्याच्या मराठी मुलखासह, नव्या मध्य प्रदेशात राहिला. म्हणजे सावरगावच्या रहिवाशाची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, पण त्याची बाजारपेठ मात्र होती तेथेच, सुमारे शंभर किलोमीटरवरच्या नागपुरात राहिली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात वजनमापांच्या प्रमाणांचा कायदा झाला आणि शेर, मण, फूट, इंच यांची सद्दी संपवून मेट्रिक पद्धत १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने देशभर लागू होऊ लागली. पहिल्या घटनेचे परिणाम सर्वांनी भोगले व त्यांची चर्चाही पुष्कळ झाली. दुसरीचे परिणाम मात्र, जुनी मोटार उघडून ती नव्याने उभी करण्याचा उद्योग हाती घेणाऱ्या माणसाला आजही दर बोल्टागणिक अनुभवावे लागतात, आणि त्यांची चर्चा जवळजवळ कोणीच करीत नाही.

दुकानातील तराजू कायद्याच्या हुकमाने चार-पाच वर्षांत बदलता येतो. परंतु यंत्राच्या अंगात कोरलेले आटे त्या यंत्राच्या आयुष्याइतकेच जगतात. जाम नदीच्या दोन्ही तीरांवरच्या या संत्र्यांच्या प्रदेशात एकाच अंगणात उभी असणारी वाहने पाहिली तरी ही गोष्ट ध्यानात येईल. ब्रिटनमधील इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या रचनेवरून १९६०च्या दशकात मुंबईस तयार होऊ लागलेला बी-२७५ ट्रॅक्टर, अमेरिकन विलीजच्या नमुन्यावर बेतलेली महिंद्राची जीप आणि मॉरिस ऑक्सफर्डच्या वंशातील, १९५७ पासून २०१४ पर्यंत निघत राहिलेली अँबॅसडर, ही सारी मूलतः इंचांच्या आट्यांची वाहने. याउलट, वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली फियाट इटालियन रचनेची, म्हणून मिलिमीटरची; आणि डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली मारुती ८०० जपानी सुझुकीच्या रचनेची, म्हणून नखशिखान्त मेट्रिक. त्यातही खरी परीक्षा संकरित वाहनांपाशी होते: जीपला पुढे फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या रचनेचे डिझेल इंजिन बसले, अँबॅसडरला जपानी इसुझुचे इंजिन मिळाले, आणि चौकट इंचाची पण इंजिन मिलिमीटरचे अशी वाहने मिस्त्रीच्या हाती येऊ लागली.

हा भेद मुळात कसा उद्भवला तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली ५५ अंशांच्या कोनाचे आटे सुचवून या विषयाला पहिली राष्ट्रीय शिस्त लावली. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६० अंशांचा पक्ष मांडला. १८९८ साली झुरिक येथील परिषदेत युरोपीय प्रतिनिधींनी कोन ६० अंशांचाच ठेवून मापे मिलिमीटरची स्वीकारली. आणि दुसऱ्या महायुद्धात एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टाला बसत नसल्याची किंमत मोजल्यावर अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी १९४८ साली इंचांची एक समाईक पद्धत ठरविली. आज आपण ज्यांना मेट्रिक नटबोल्ट म्हणतो ते झुरिकच्या परंपरेतील असून त्यांच्या आट्यांचे भारतीय प्रमाण आयएस ४२१८ या क्रमांकाखाली नमूद आहे.

दोन पद्धतींतील मापे परस्परांपासून दूर असती तर गोंधळ झालाच नसता. अनर्थ होतो तो ती फार जवळ असल्यामुळे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. जुने मिस्त्री ज्याला अडीच सुती म्हणतात तो बोल्ट ७.९४ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे मेट्रिकमधील ८ मिलिमीटरच्या, एम ८ या बोल्टाहून केसभरच बारीक. परंतु त्याच्या जाड आट्यांच्या प्रकारात एका इंचात १८ आटे, म्हणजे लगतच्या दोन आट्यांत १.४१ मिलिमीटरचे अंतर असते, आणि एम ८ मध्ये ते १.२५ असते. या अंतरालाच पिच म्हणतात. अशा वेळी परका नट पहिले एक-दोन फेरे बिनतक्रार फिरतो, मग जड होतो, कारागीर तो गंजल्यामुळे अडला असे समजून पान्यावर जोर देतो, आणि मग आटे मोडून बोल्ट, नट किंवा इंजिनाचे ओतीव अंगच निकामी होते. सबब पहिला नियम असा की, नट बोटांनीच चार-पाच फेरे सहज फिरला पाहिजे, पाना त्यानंतर. पिच मोजण्याची पात्यांची गेज अल्प किमतीत मिळते, आणि ती हाताशी नसेल तेव्हा अशा दहा अंतरांची एकूण लांबी पट्टीने मोजून तिला दहाने भागावे.

केवळ मेट्रिक म्हटल्याने मात्र काम भागत नाही, कारण मेट्रिकच्या घरातही पोटभेद आहेत. एम १० बोल्टाची सर्वसाधारण पिच १.५, पण जपानी मोटारींत तो बहुधा १.२५ पिचचा असतो. एम १२ हा १.७५, १.५ आणि १.२५ अशा तिन्ही पिचमध्ये भेटतो. मारुतीच्या चाकाचे स्टड १२ × १.२५ असतात आणि ह्युंदाईचे १२ × १.५, जाडी तीच, पिच निराळी, आणि चाक ज्याच्या भरवशावर फिरते त्या ठिकाणी ही गफलत झाली तर तिचे पर्यवसान अपघातात होऊ शकते. माथ्याच्या मापाचेही तसेच आहे. एम ८ बोल्टाला आपल्याकडील प्रमाणानुसार १३ चा पाना लागतो, तर जपानी मोटारीतील एम ८ ला बहुधा १२ चा. एम १० ला जुन्या मालात १७ चा, नव्या प्रमाणात १६ चा, आणि जपानी मोटारीत १४ चा. गॅरेजमध्ये बोल्ट पान्याच्या मापाने ओळखण्याचा शिरस्ता असल्यामुळे तेथे ‘बाराचा बोल्ट’ म्हणजे एम ८ असतो. परंतु तीच मागणी नागपूरच्या घाऊक दुकानी पोचली की दुकानदार प्रामाणिकपणे एम १२ बांधून देतो, आणि शंभर किलोमीटरचा हेलपाटा वाया जातो. म्हणून मागणी लेखी असावी आणि तीत तपशील पूर्ण असावा: एम १० × १.२५ × ४०, षट्कोनी माथा, अर्धे आटे की पूर्ण, ग्रेड ८.८. यातील ४० ही लांबी माथ्याच्या खालून मोजावयाची. पृष्ठभागात बुडणारा चपटा माथा असेल तेवढ्यापुरती ती माथ्यासकट मोजतात.

या तपशिलातील शेवटची बाब, ग्रेड, हीच या सर्व विवेचनाचा कणा होय. मेट्रिक बोल्टाच्या माथ्यावर ८.८, १०.९ किंवा १२.९ असे जे अंक उठवलेले असतात ते त्या बोल्टाच्या बळाचा दाखला असतात. पहिल्या अंकाला १०० ने गुणले म्हणजे दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन ताण सोसून तो तुटेल ते साधारणतः कळते, आणि दुसरा अंक सांगतो की त्या ताणाच्या किती दशांशापर्यंत तो कायमचा न लांबता टिकेल, अर्थात ८.८ चा बोल्ट सुमारे ८०० वर तुटतो व ६४० पर्यंत आपले मूळ रूप राखतो. सामान्य लोखंडी बोल्ट ४.६ चा असतो, म्हणजे त्याचे बळ निम्मेच. भारतीय प्रमाण आयएस १३६७ मध्ये हे सारे नमूद असून, ८.८ व त्यावरील ग्रेडच्या ५ मिलिमीटर व त्याहून जाड षट्कोनी बोल्टांवर ग्रेड आणि निर्मात्याची खूण दोन्ही असावी असा दंडक आहे. जपानी मोटारींत माथ्यावर नुसता ७ हा अंक आढळला तर त्याचा अर्थ दर चौरस मिलिमीटरला ७० किलोग्रॅम असा घ्यावा, आणि त्याच्या जागी ८.८ हून कमी ग्रेड कदापि वापरू नये. नटालाही ग्रेड असते, ८.८ च्या बोल्टास ८ चा आणि १०.९ च्या बोल्टास १० चा नट हे योग्य जोड.

आता हा माल मिळवावा कोठून? इंजिनाचा हेड, कनेक्टिंग रॉड, ब्रेक, स्टिअरिंग आणि चाके यांचे बोल्ट वाहनाच्या निर्मात्याच्या अधिकृत सुट्या भागांच्या दुकानातूनच, भागाचा क्रमांक देऊन घ्यावेत. ते महाग पडतात, पण त्यांचा आकार, आवरण व बळ त्या एका जागेसाठी निश्चित केलेले असते. शिवाय पुष्कळ आधुनिक इंजिनांत हेडचे बोल्ट आवळताना मुद्दाम ताणले जातात आणि ते पुन्हा वापरावयाचे नसतात. चौकट, बंपर, आसने, पंख्याचे कंस इत्यादी उरलेल्या कामांसाठी औद्योगिक नटबोल्टांचा स्वतंत्र व्यापार करणारे दुकान गाठावे. सावरगावकरास त्यासाठी नागपूरच्या इतवारीतील लोहा ओळीसारखी जुनी पेठ किंवा हिंगणा-बुटीबोरी या औद्योगिक वसाहतींना माल पुरविणारे व्यापारी सोयीचे. तेथेही न मिळणारा दुर्मीळ जिन्नस मुंबईच्या नागदेवी मार्गावर किंवा, मोटारीचाच भाग असेल तर, पुण्याच्या नाना पेठेत शोधावा. देशात हा माल मुख्यतः लुधियाना, रोहतक आणि चेन्नई येथे बनतो. चेन्नईच्या पाडी भागातील, १९६६ साली सुरू झालेल्या सुंदरम फास्टनर्सचे बोल्ट मिस्त्री लोक टीव्हीएस या नावाने ओळखतात. तिसरे साधन म्हणजे त्याच मॉडेलची भंगारात निघालेली मोटार. तिच्यातील बोल्ट मूळ मापाचे असतात, सबब नमुना म्हणून ते अमूल्य. परंतु गंजलेले, मानेशी बारीक झालेले किंवा आटे चेपलेले बोल्ट जोखमीच्या जागी लावू नयेत.

पेठेत गेल्यावर दुकानाची पारख कशी करावी याचीही एक रीत आहे. पांढुर्ण्याचा व्यापारी संत्र्याची प्रतवारी केल्याशिवाय ते दूरच्या बाजारात धाडीत नाही. ज्या दुकानात बोल्टांची तशीच प्रतवारी राखलेली असते, ग्रेड व पिच यांनुसार डबे वेगळे असतात, डब्यावर निर्मात्याचे नाव व मालाच्या तुकडीचा क्रमांक असतो, आणि दुकानदार मोजून व पावती लिहून माल देतो, ते दुकान विश्वासाचे. किलोच्या भावाने ढिगातून मिळणारे बोल्ट फाटकाला व कुंपणाला उत्तम, मोटारीला अयोग्य. लेथवर साध्या सळईतून कातून घेतलेला बोल्ट हुबेहूब दिसतो, पण त्याच्या पोलादावर उष्णतेचे संस्कार झालेले नसतात, म्हणून त्याचे बळ सळईइतकेच राहते. चकाकणाऱ्या स्टेनलेस बोल्टाचाही मोह आवरावा: त्याचा नेहमीचा ए२-७० हा प्रकार गंजत नाही हे खरे, पण बळात तो ८.८ हून उणा असतो आणि त्याचा नट आवळताना आटे एकमेकांना चिकटून जाम होण्याचा संभव असतो. तसेच १२.९ चा बोल्ट आणून त्यावर गावातच जस्ताचा मुलामा चढवून घेऊ नये. त्या क्रियेत हायड्रोजन पोलादात शिरतो, आणि मुलाम्यानंतर भट्टीत तापवून तो काढून टाकला नाही तर आवळलेला बोल्ट काही तासांनी वा दिवसांनी अचानक तडकू शकतो.

सावरगावसारख्या गावात हे सर्व एकेकट्या माणसाने करणे खर्चाचे आहे, आणि नेमके येथेच संघटित व्यवहाराची आवश्यकता उत्पन्न होते. चार बोल्टांसाठी नागपूर गाठणे परवडत नाही, म्हणून माणूस जवळ जे मिळेल ते लावतो. जवळचा दुकानदारही मागणी नाही म्हणून ग्रेडचा माल ठेवीत नाही, आणि माल नाही म्हणून मागणी वाढत नाही. हे चक्र तोडण्याची तजवीज साधी आहे. गावातील व पांढुर्ण्यातील गॅरेजवाल्यांनी व हौशी तरुणांनी मिळून एक यादी करावी: जपानी वंशाच्या मोटारींसाठी ६ × १.०, ८ × १.२५, १० × १.२५ आणि १२ × १.२५ या चार मापांत, नेहमीच्या लांबीचे ८.८ ग्रेडचे बोल्ट, त्यांचे नट, वायसर व नायलॉक नट. इतर मोटारींसाठी १० × १.५ व १२ × १.५ यांची भर. ती यादी स्थानिक दुकानदाराच्या हाती देऊन हा माल आम्ही नियमाने उचलू अशी हमी दिली तर तो डबे आणून ठेवील, कारण निश्चित गिऱ्हाईक कोणताही व्यापारी नाकारीत नाही. ट्रॅक्टरचा आणि जीपच्या चौकटीचा इंची माल त्याने निराळ्या फळीवर ठेवावा, आणि कोणताही सुटा बोल्ट मोजल्याखेरीज डब्यात परत टाकू नये.

मोटार नव्याने उभी करणारे हात या मुलखात थोडे नाहीत. दोन राज्यांच्या सीमेवर राहिल्यामुळे सौंसर-पांढुर्ण्याच्या लोकांनी दूरच्या दप्तरावर फार काळ विसंबून न राहता आपली कामे आपणच करण्याची सवय लावून घेतली आहे, आणि २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाल्यावर येथील बाजारपेठेनेही आपली इयत्ता वाढविली पाहिजे. त्या वाढीचे एक लक्षण असे असावे की, येथल्या दुकानात गिऱ्हाइकाने पिच व ग्रेड विचारली असता दुकानदाराने डब्यावरची खूण दाखवून उत्तर द्यावे. मोटारीच्या सुरक्षिततेची जबाबदारी कारखान्याच्या दारात संपत नाही. शेवटचा बोल्ट जो आवळतो त्याच्यापर्यंत ती येते, आणि ती पार पाडावयाची असेल तर बोल्टाच्या माथ्यावरील दाखला वाचल्यावाचून त्याने पान्याला हात लावता कामा नये.