दूध गावचे, व्यवस्थापक परगावचा

दुधाला थांबणे ठाऊक नसते. धार काढल्यावर ते वेळेत थंड झाले नाही, तर काही तासांत नासते आणि त्याबरोबर शेतकऱ्याची मेहनतही वाया जाते. म्हणूनच शेतकऱ्यांच्या मालकीच्या दूध शीतकरण केंद्रात यंत्राइतकाच व्यवस्थापकही महत्त्वाचा. पण असा माणूस निवडायचा कसा?

या बाबतीत गुजरातमधील आणंदची हकिगत सांगण्याजोगी आहे. खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी १९४६ मध्ये आपला सहकारी दूध उत्पादक संघ उभारला. १९४८ मध्ये मुंबईसाठी दुधावर प्रक्रिया सुरू झाली. पण सरकारी क्रीमरीतील जुनाट यंत्रे वरचेवर बंद पडत. मुंबई दूर, त्यात उन्हाळा कडक! दूध नासले की नुकसान सभासदांचेच.

त्याच क्रीमरीत मे १९४९ मध्ये वर्गीस कुरियन हे सत्तावीस वर्षांचे इंजिनिअर रुजू झाले. मूळचे केरळचे, अमेरिकेत शिकलेले. सरकारी शिष्यवृत्तीच्या कराराने बांधलेले असल्याने ते नाइलाजाने आले होते. अविवाहित, ख्रिस्ती आणि मांसाहारी, म्हणून त्यांना गावात घरही मिळेना. एका गॅरेजमध्ये मुक्काम करावा लागला.

यंत्र बिघडले, की संघाचे अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल त्यांच्याकडे धाव घेत. डागडुजी करून कंटाळलेल्या कुरियन यांनी अखेर नवे यंत्र घेण्याचा सल्ला दिला आणि त्रिभुवनदासांनी तो मानला. वर्षअखेरीस सरकारी नोकरीतून मोकळे होऊन कुरियन निघाले, तेव्हा नवे यंत्र बसेपर्यंत तरी थांबा, अशी गळ त्रिभुवनदासांनी घातली. १९५० मध्ये ते संघाचे व्यवस्थापक झाले. थोड्या दिवसांसाठी थांबलेला हा माणूस कायमचा आणंदकर झाला! पुढे हाच संघ ‘अमूल’ म्हणून घराघरांत पोहोचला.

या नेमणुकीत नाते, जात किंवा गाव आड आले नाही. माणसाचे काम आधी पाहिले, पद नंतर दिले. नेमल्यावर त्याला मोकळीकही दिली. शेतकऱ्यांचा विश्वास राखणे हे अध्यक्षांचे काम, तर यंत्रे आणि विक्री व्यवस्थापकाकडे. १९६३ मध्ये मॅगसेसे पुरस्काराच्या मानकऱ्यांत दोघेही होते.

आपल्या गावच्या केंद्रासाठी अर्ज मागवताना कुणाचा भाचा, कुणाचा पुतण्या हे पाहण्याचा मोह होतोच. पण दुधाला नाती कळत नाहीत. त्याला कळतो तो फक्त थंडावा!